इटालियन रेसिंग गाड्यांची डायकास्ट मॉडेल्स जमवताना

आधी विषय ठरवा. दिसेल ती लाल फेरारी घेत गेलात, तर कपाट भरेल पण संग्रह होणार नाही. मी मिले मिलिया धरली. इटलीतल्या ब्रेशियाहून रोमला जाऊन परत ब्रेशियाला, सुमारे १,६०० किलोमीटरची ही शर्यत साध्या रस्त्यांवरून व्हायची. १९२७ ला सुरू झाली, १९५७ च्या अपघातानंतर त्या स्वरूपात बंद पडली. त्या शेवटच्या वर्षी पिएरो तारुफी जिंकला, तो फेरारी ३१५ एस घेऊन. गाडीवरचा आकडा ५३५, म्हणजे पहाटे ५:३५ ला सुटलेली गाडी! हे कळल्यावर दारावरचं ते छोटं डिकॅल (चिकटवलेला आकडा) किती वेळ न्याहाळलं असेल मी.

मग स्केल, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या किती पट लहान ते; १:१८ म्हणजे अठरापट लहान. फेरारी २५० जीटीओ १:१८ मध्ये साधारण २४ सेंटीमीटर भरते, १:४३ मध्ये १०. जागा आणि पैसा कमी असेल तर १:४३ घ्या; इटलीच्या ब्रूम कंपनीची मॉडेल्स त्याच मापाची. बॉनेट उघडून इंजिन बघायचं असेल तर १:१८. जर्मनीच्या सीएमसी कंपनीचं काम त्यात फार बारीक असतं आणि किंमतही तशीच. सुरुवात बुरागो कंपनीच्या मॉडेल्सपासून केली तरी चालेल. आणि विकणाऱ्याला विचारून घ्या: डायकास्ट (साच्यात ओतलेला धातू) की रेझिन (प्लास्टिकसारखं ओतीव द्रव्य)? रेझिनच्या गाडीचे दरवाजे सहसा उघडत नाहीत.

घेण्याआधी खऱ्या गाडीचा फोटो शेजारी ठेवा. जीटीओच्या नाकावर इंग्रजी डी अक्षरासारखी तीन भोकं आहेत का? चाकांना तारेचे स्पोक आहेत की नुसता छाप? जुनं मॉडेल असेल तर मोबाईलचा टॉर्च तिरपा मारा. रंगाला फुगे किंवा बारीक चिरा दिसल्या तर सोडून द्या. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं की धातू आतून भुसभुशीत होतो, त्यावर इलाज नाही.

आता आपल्या खान्देशाची गोष्ट, इथेच बहुतेक नुकसान होतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. माझं कपाट पश्चिमेच्या भिंतीला होतं. उन्हाळा संपल्यावर एक मॉडेल उचललं, तर टायर प्लास्टिकच्या बैठकीला चिकटून राहिले. उचलताना कुरकुर आवाज आला आणि खाली चार काळे डाग पडलेले. टायरमधला मऊपणा आणणारा पदार्थ उष्णतेने बाहेर येऊन बैठकीचं प्लास्टिक विरघळवतो. म्हणून गाडी बैठकीला धरणारे स्क्रू थोडे सैल करा आणि चेसीखाली पुठ्ठ्याच्या घड्या लावून टायर अधांतरी राहतील एवढी गाडी उचला. काचेचं कपाट पूर्वेच्या किंवा आतल्या भिंतीला, माळ्यावर किंवा पत्र्याखाली तर नाहीच.

कापसाच्या हंगामात धूळही खूप येते. फडक्याने पुसू नका, आरसे नि वायपर तुटतात. मेकअपचा मऊ ब्रश वापरा, छतापासून खाली.

मूळ खोका आणि पावती जपून ठेवा.