ख्रिसमस कॅक्टस फुलवायचाय? आधी त्याची रात्र मोठी करा

फांद्या कुंडीबाहेर लोंबतायत, रंग हिरवागार आहे, दरवर्षी टोकाला नवी पेरं फुटतात, आणि फूल मात्र एकही नाही. ख्रिसमस कॅक्टस घरात ठेवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. यावर बहुतेक जण खत वाढवतात, पाणी वाढवतात, कुंडी उचलून उन्हात नेतात. झाड आणखी हिरवं होतं, इतकंच. त्याला खरा तुटवडा असतो अंधाराचा.

फळबागेत बहर धरताना पाणी तोडून झाडाला ताण देतात. इथेही बहरच धरायचा आहे, फक्त तोडायचा तो उजेड. कळी धरायला सुमारे 6 आठवडे आणि ती वाढून उमलायला आणखी 4 ते 6 आठवडे धरा. उत्तर गोलार्धात डिसेंबरच्या शेवटी फुलं हवी असतील तर सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कामाला लागावं. नोव्हेंबरच्या मध्यावर जाग आली तरी झाड फुलेल, पण नव्या वर्षात.

अंधाराचं हे वेड कुठून आलं ते कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. नावात कॅक्टस असलं तरी हे वाळवंटातलं झाड नाही. याचे पूर्वज ब्राझीलच्या आग्नेय किनाऱ्यालगतच्या डोंगरांतले. दमट, धुक्याच्या रानात मोठ्या झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांच्या कपारीत, साचलेल्या पालापाचोळ्यात मुळं रोवून ते वाढतात. दक्षिण गोलार्धात मे महिन्यात रात्री मोठ्या आणि गार होऊ लागतात आणि तेव्हा ते फुलतात. ब्राझीलमध्ये त्याचं नावच ‘फ्लोर दि माइओ’, म्हणजे मे महिन्याचं फूल. फुलायचं केव्हा हे झाड रात्रीच्या लांबीवरून ठरवतं. ज्यांनी शेवंती केली आहे त्यांना हे नवं नाही. फुलं उशिरा हवी असली की शेवंतीच्या प्लॉटमध्ये मध्यरात्री दिवे लावतात. रात्र मधेच तुटते आणि झाड कळी धरत नाही. आपल्या दिवाणखान्यात रात्री अकरापर्यंत जळणारा दिवा कॅक्टसच्या बाबतीत नेमकं हेच करतो, फक्त आपल्या मनात तसं नसतं.

अंधार कसा द्यायचा

रोज सलग 13 ते 15 तास अंधार, असे 6 आठवडे. संध्याकाळी सहाला झाकायचं आणि सकाळी आठला उघडायचं, एवढं जमलं तरी 14 तास होतात. ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रात्री कोणी पाणी प्यायला उठून खोलीतला दिवा थोडा वेळ लावला तरी ती रात्र वाया गेल्यासारखीच. एखाद्या रात्रीने बिघडत नाही, रोज होऊ लागलं तर कळ्या विसरा.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सूर्यास्तानंतर कोणी वापरत नाही अशी खोली. खिडकीतून रस्त्यावरचा दिवा आत येत नसेल तर झाकाझाकीची गरजच नाही. तशी खोली नसेल तर पुठ्ठ्याचा मोठा खोका कुंडीवर उपडा घाला. दिवसा उजेडात तो डोक्यावर धरून आतून पाहा. जिथून उजेड डोकावेल तिथे चिकटपट्टी लावा. जाड गडद कापडही चालतं, पण ते फांद्यांवर टेकू नये, पेरं सांध्यातून सहज निखळतात. प्लास्टिकची पिशवी नको, आत दमटपणा कोंडून बुरशी धरते. माझ्याकडच्या एका कुंडीला एका वर्षी भिंतीकडच्या अंगाला भरपूर कळ्या आल्या आणि खोलीकडचं अंग कोरं राहिलं. दिवा त्याच बाजूला होता.

सकाळी आवरण काढायला विसरू नका. दिवसा भरपूर, पण थेट ऊन नसलेला उजेड लागतो. पूर्वेची खिडकी उत्तम. दिवसभरही अंधारात ठेवलेलं झाड कळ्यांना पोसणार कशाच्या जोरावर?

अंधाराला जोड हवी गारव्याची. रात्रीचं तापमान 15 ते 20 अंश सेल्सिअस असेल आणि रात्र मोठी असेल तर कळ्या हमखास. 10 ते 15 अंशांच्या दरम्यान तर झाड अंधाराचा फारसा हिशोब ठेवत नाही, दिवस थोडा मोठा असला तरी कळी धरतं. उलट रात्रीसुद्धा 23-24 अंशांच्या वर राहिलं तर अंधार देऊनही कळ्यांची खात्री नाही. म्हणून उबदार हवेत राहणाऱ्यांनी घरातला सर्वांत गार कोपरा शोधावा, रात्री खिडकी उघडी ठेवावी. 10 अंशांच्या खाली मात्र नेऊ नये.

पाणी आणि खत

या 6 आठवड्यांत पाणी थोडं हात राखून द्या. वरची 2-3 सेंटीमीटर माती सुकली की द्यायचं, कुंडीखालच्या बशीत साचलेलं लगेच ओतून टाकायचं. ‘कॅक्टसच तो, महिनाभर नाही दिलं तरी चालेल’ हा समज इथे लागू नाही. ताण द्यायचा म्हणून पाणी पूर्ण तोडणारेही भेटतात; त्याने फुलं येत नाहीत, पेरं सुरकुततात. सुरकुतलेली पेरं दिसली की आधी मातीत बोट घाला. कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असूनही झाड मलूल असेल, बुंधा मऊ पडला असेल, तर मूळकूज आहे, आणि आता दिलेला प्रत्येक तांब्या ती वाढवेल.

खत उन्हाळा संपतानाच थांबवायचं आणि फुलं ओसरेपर्यंत द्यायचं नाही. नत्र मिळत राहिलं की झाड वाढीच्याच नादात राहतं. कुंडी बदलायचीही ही वेळ नाही. मुळं थोडी दाटलेली असताना हे झाड चांगलं फुलतं.

अंधार सुरू करण्याआधी एक काम आवर्जून करा. फांद्यांच्या टोकांना 1 सेंटीमीटरपेक्षा लहान, कोवळी, तांबूस पेरं असतील तर ती चिमटीत धरून पिळून काढून टाका. कळ्या पूर्ण वाढलेल्या टोकाच्या पेरावर येतात. अर्धवट पेर राहिलं तर ती फांदी त्या वर्षी मागे पडते. हे खुडणं केलेलं झाड एकदम, सारखं फुलतं.

कळ्या दिसल्यावर

टोकांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या दिसू लागल्या की झाकणं बंद. आता दिव्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते आपल्या उत्साहाने. कळ्या आल्याचा आनंद झाला की लोक कुंडी मिरवायला दुसऱ्या खोलीत नेतात, आणि आठवड्याभरात निम्म्या कळ्या खाली. जागा बदलली, उजेडाची दिशा बदलली, गार वाऱ्याचा झोत किंवा हीटरची गरम हवा लागली, माती एकदा अगदी कोरडी आणि मग एकदम चिखल झाली, यातल्या कशानेही कळीगळ होते. पिकत्या फळांची टोपलीसुद्धा शेजारी नको. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कळ्या गळतात. कुंडी आहे तिथेच, आहे त्याच तोंडाने राहू द्या. माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल न होणारी, ठेवा. हलवायचीच असेल तर पहिली फुलं उमलेपर्यंत थांबा.

पांढऱ्या किंवा पिवळ्या फुलांच्या वाणावर गुलाबी झाक आली तर रोग समजू नका. कळ्या वाढताना फार गारठा मिळाला की असं होतं.

तुमच्याकडे आहे तो नक्की कोण?

या नावाखाली दोन-तीन वेगळी झाडं विकली जातात. पेरांच्या कडांना खेकड्याच्या नांग्यांसारखे टोकदार दात आणि पिवळे परागकोश असतील तर तो थँक्सगिव्हिंग कॅक्टस. बाजारात बहुतेक वेळा हाच मिळतो आणि महिनाभर आधी फुलतो, म्हणून त्याला अंधारही त्या हिशोबाने लवकर सुरू करावा. कडा गोलसर, नागमोडी आणि परागकोश जांभळट गुलाबी असतील तर तो खरा ख्रिसमस कॅक्टस, 19व्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये विल्यम बकली यांनी केलेला संकर. चांदणीसारखी पसरट फुलं वसंतात येत असतील तर तो ईस्टर कॅक्टस. त्याला गार, लांब रात्री हिवाळाभर लागतात. डिसेंबरात फुलला नाही म्हणून त्याच्यावर रागावू नये.

फुलं ओसरली की महिनाभर पाणी कमी करून झाडाला विश्रांती द्या. मग वसंतात छाटणी. प्रत्येक फांदीची एक-दोन पेरं पिळून काढली की तिथून बहुधा दोन नवे फुटवे येतात, आणि जितकी टोकं जास्त तितकी पुढची फुलं जास्त. दोन-तीन वर्षांतून एकदा कुंडी बदलायची तीही याच वेळी, आधीपेक्षा एकाच मापाने मोठी. माती भुसभुशीत, लगेच निचरा होणारी हवी: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (निचऱ्यासाठीचे हलके पांढरे खनिज दाणे) आणि थोडं कुजलेलं पानखत.

काढलेली पेरं फेकू नका. दोन-तीन पेरांचा तुकडा दोन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्या, मग खालचं पेर अर्धं मातीत खोचा आणि माती जेमतेम ओलसर ठेवा. काही आठवड्यांत मुळं धरतात. हलकेच ओढून पाहिलं आणि तुकडा जागचा हलला नाही, की रुजला.