हॉस्पिससाठी लांब पल्ल्याची सायकल मोहीम: या चुका टाळा

पुणे ते महाबळेश्वर हे सुमारे १२० किलोमीटरचे अंतर सायकलने पार करून हॉस्पिससाठी, म्हणजे गंभीर आजारातील रुग्णांच्या वेदना कमी करणाऱ्या सेवाकेंद्रासाठी, निधी उभारायचा, असे ठरले की पहिली बैठक मार्ग आणि टी-शर्ट यांवरच संपते. पैसे कसे घ्यायचे, हा प्रश्न मागे राहतो आणि सर्वांत महाग पडणाऱ्या चुका तिथेच होतात.

गटातील एखाद्याच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने वर्गणी जमा करणे, ही त्यांतील पहिली चूक. नोंदणी नसलेल्या गटाने धर्मादाय कामासाठी लोकांकडून निधी गोळा करायचा असेल, तर गणेश मंडळांप्रमाणेच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. त्यापेक्षा देणगीदाराला थेट हॉस्पिसचा खाते क्रमांक द्यावा, म्हणजे पावतीही त्याच्याच नावाने निघते. ‘कर वाचेल’ असे सरसकट आश्वासन मात्र देऊ नये. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरात सवलत मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना ती मुळातच नाही.

पुण्यात घरटी कोणी ना कोणी अमेरिकेत असते, म्हणून पुढची गोष्ट विशेष जपावी. भारतीय पासपोर्ट असलेल्या नातेवाइकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. परंतु त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर ती तशी ठरते, आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती स्वीकारता येत नाही. चांगल्या हेतूने पाठवलेल्या पैशामुळे संस्था अडचणीत यावी, हे फार वाईट.

‘प्रत्येक किलोमीटरमागे दहा रुपये’ अशी देणगीही मागू नये. ती मागितली की गुडघा दुखत असतानाही माणूस सायकलवरून उतरत नाही. देणगी आधीच आणि बिनशर्त घ्यावी. गाडी, नाश्ता आणि टी-शर्ट यांचा खर्च स्वारांनी वेगळा उचलावा.

आवाहनाच्या मजकुरात ‘मृत्यूची वाट पाहणारे रुग्ण’ असे शब्द दिसले की मनापासून वाईट वाटते. हॉस्पिस देते ती पॅलिएटिव्ह केअर म्हणजे वेदना, धाप, जखमा आणि भीती यांवरचे उपचार. ते मूळ आजारावरील उपचारांच्या जोडीनेही चालतात आणि पुष्कळदा घरी जाऊन दिले जातात. वारज्यातील सिपला फाउंडेशनचे केंद्र १९९७ पासून ही सेवा विनामूल्य देत आहे, तरीही शहरातील अनेक कुटुंबांपर्यंत ही माहिती अगदी शेवटी पोहोचते. आवाहनात हेच लिहावे. रुग्णाचे छायाचित्र त्याच्या आणि कुटुंबाच्या संमतीशिवाय वापरू नये.

आता रस्त्याविषयी. कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर खेड-शिवापूरपर्यंतच्या उतारावर सगळेच वेगात जातात आणि खंबाटकी घाटात त्याची किंमत मोजतात. खरी परीक्षा त्याही पुढे, वाईनंतरच्या पसरणी घाटात असते, आणि तिथे पोहोचेपर्यंत ऊन चढलेले असते. त्यामुळे पहाटे पाचला निघावे, भूक लागण्याची वाट न पाहता दर तासाला केळे, चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू खावा. नुसते पाणी पिऊ नये. मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत किंवा ओआरएस सोबत असावे. चक्कर, मळमळ किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास त्या स्वाराला सावलीत घेऊन अंग ओले करावे आणि थेट रुग्णालयात न्यावे. त्याची मोहीम तिथेच संपली, असे समजावे.

गुडघा पुढून दुखत असल्यास सीट बहुधा खाली असते, मागून दुखत असल्यास वर. एका वेळी थोडीच हलवून पाहावी. नवी सीट किंवा नवी शॉर्ट्स त्या दिवशी प्रथमच वापरू नये. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्यास रिम तापते, म्हणून वळणाआधी वेग कमी करून ब्रेक सोडावेत. सहायक गाडी शेवटच्या स्वाराच्या मागे असावी. परतताना खंबाटकीचा बोगदा लागतो, म्हणून सायकली गाडीत घालून परतणेच मी योग्य मानतो.

मोहीम संपल्यावर चाळीस जणांनी मोठा धनादेश घेऊन वॉर्डात शिरणे टाळावे. दोघांनी, संस्थेने दिलेल्या वेळी जावे आणि निधी कशासाठी वापरायचा, हे तिथल्या परिचारिकांना विचारावे. त्या कदाचित नव्या खाटेऐवजी घरभेटींच्या गाडीचे इंधन सांगतील किंवा आणखी एका परिचारिकेचा पगार. देणगीदारांना पाठवायच्या हिशेबात तेच नमूद करावे.