ऐरोलीच्या खारफुटीत मुलांना नेताना आधी तिथी बघा

ऐरोलीच्या फ्लेमिंगो सेंटरला जायचं ठरलं की बहुतेक जण रविवार मोकळा आहे का बघतात. मी तिथी बघते. ठाणे खाडीच्या काठी वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं हे केंद्र आहे. खारफुटीतून जाणारी लाकडी वाट रोजची तीच, पण भरतीला गेलात तर नुसतं पाणी दिसतं आणि ओहोटीला गेलात तर चिखलातली सगळी लगबग. नातवंडं बरोबर असली की मला चिखलच हवा असतो.

किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब आहे. तिथीला तीनने गुणा, चारने भागा. जो आकडा येईल, साधारण तेवढ्या वाजता मुंबईकडे पूर्ण भरती. षष्ठीला पहाटे साडेचार, अष्टमीला सकाळी सहा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पुरी होते, म्हणजे षष्ठीला सकाळी साडेदहा आणि अष्टमीला दुपारी बारा. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरून चाला. पहिल्या फेरीला षष्ठी ते अष्टमीच्या आसपासची सुट्टी निवडा, सकाळच्या फिरण्यात चिखल उघडा मिळतो. आवडलं तर पुढची फेरी पौर्णिमेला किंवा अमावास्येला करा. तेव्हा उधाण असतं. अकरा-बाराच्या सुमारास पाणी मुळांवर चढताना दिसतं, आणि एखादं मूळ हेरून ठेवलं तर ते बुडेपर्यंत मुलं जागची हलत नाहीत.

ठाणे-वाशी लाइनवर ऐरोलीला उतरा आणि रिक्षावाल्याला ‘दिवानगर, फ्लेमिंगो सेंटर’ सांगा. मुलुंडकडून येणाऱ्यांना ऐरोली पूल सोयीचा. केंद्राच्या सुट्टीचा वार आणि उघडण्याची वेळ निघण्याआधी विचारून घ्या.

आत गेल्यावर पहिली गोष्ट म्हणजे थांबायचं. मोठ्यांना वाटेच्या टोकापर्यंत पोचायची घाई असते आणि पाहण्यासारखं सगळं पायाशी असतं. मुलांना कठड्याजवळ उकिडवं बसवा. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिली रोवून ठेवाव्यात तशी मुळं वर आलेली दिसतील. मुलं हमखास विचारतात, “आजी, ही उलटी का उगवली?” नीट उत्तर द्या. या चिखलात आत हवाच नसते, म्हणून झाड श्वास घ्यायला मुळं वर काढतं. कुजक्या अंड्यासारखा वास येतो त्याचं कारणही तेच. हवेशिवाय जगणारे सूक्ष्मजीव पाला कुजवताना तो वायू सोडतात. शहराचं सांडपाणी खाडीत येतं हे खरं, पण प्रत्येक वास गटाराचा नसतो, हे मुलांना कळायला हवं.

मग हालचाल शोधा. निवटी हा मासा पुढच्या परांवर रेटा देत चिखलावरून सरकतो, मध्येच उडी मारतो. अंग आणि कल्ल्यांची पोकळी ओली आहे तोवर त्याला पाण्याबाहेर त्रास नाही. छोटे खेकडे पावलांच्या धक्क्यानेच बिळात जातात. म्हणून मनात शंभरपर्यंत आकडे मोजायचे आणि हलायचं नाही. आधी एक बाहेर येतो, मग आजूबाजूचे सगळे. ज्याचा एक डेंगा अंगाच्या मानाने फार मोठा, तो नर. तो डेंगा हलवून मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला दटावतो. इथे वेळ जाऊ द्या, पुढचं काही राहिलं तरी चालेल.

झाडांची नावं एका फेरीत तीनच सांगा. पहिलं तिवर. त्याच्या पानातून मीठ बाहेर पडतं. कोरड्या दिवसांत उन्हात पान तिरकं धरून पाहिलं की कण चमकतात. बघायचं, चाटायचं नाही. दुसरं कांदळ. त्याच्या आधारमुळ्या खोडातून कमानीने खाली उतरतात आणि बी झाडावर असतानाच रुजून लांब शेंगेसारखं लोंबतं. तिसरी मारांडी, काटेरी पानांची आणि निळसर जांभळ्या फुलांची. फांदी मात्र कुठलीच मोडू देऊ नका. खाडीकाठी हुरा नावाचं झाड असतं, आणि त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते.

फ्लेमिंगोंचं, म्हणजे रोहित पक्ष्यांचं, मुलांना आधीच कबूल करू नका. साधारण नोव्हेंबर ते मे हा त्यांचा काळ. ठाणे खाडी २०१५ साली त्यांच्यासाठी अभयारण्य झाली आणि २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली. पण काठावरून थवा पुष्कळदा लांबवर गुलाबी रेघेएवढाच दिसतो. जवळून पाहायचे तर नौकाफेरी. तिचं आरक्षण आधी करावं लागतं आणि वेळ पाण्यावर ठरते. आधी तीच विचारा आणि चालणं तिच्या अलीकडे किंवा पलीकडे बसवा. कबूल करायचीच असेल तर निवटी करा.

पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, डास खूप असतात. पायात पकड घेणारे बूट हवेत. ओल्या लाकडी वाटेवर स्लिपर घसरते. दुर्बीण असेल तर तिचा पट्टा मुलाच्या गळ्यातच राहू द्या, कठड्यावरून खाली पडलेली वस्तू या चिखलातून निघत नाही. प्यायचं पाणी भरपूर घ्या. कुरकुरीत खाऊची पाकिटं आत नेऊच नका, वाऱ्याने उडालेलं पाकीट मुळांत अडकतं. खाणं परत निघाल्यावर.