काटोलच्या वावरात १००.६ स्पष्ट ऐकायचं तर

आमचं वावर काटोलजवळ. संत्र्याच्या झाडांत दोन खोल्या, वर टिन. आई तिथेच राहते आणि सकाळी उठल्या उठल्या तिला रेडिओवर विविध भारती लागते, नागपूरचं एफएम १००.६. शहरातल्या घरी छान वाजणारा डेक इथे आणला, तर गाण्यापेक्षा खरखरच जास्त. "बाबू, याचं काहीतरी कर ना," एवढंच ती म्हणाली. दोन रविवार त्यात घातले, आता गाणं स्वच्छ येतं.

सगळ्यात आधी डेकवर एफएम मोनोचं बटण आहे का पाहा. काही डेकमध्ये ते रिमोटवर असतं. स्टिरिओत डाव्या-उजव्या आवाजातला फरक ३८ किलोहर्ट्झच्या आसपास लपवून पाठवलेला असतो आणि एफएममध्ये तेवढ्या वरच्या भागात खरखर जास्त असते. लहर कमजोर असली की ती सगळी आवाजात उतरते. मोनो केलं की तो भाग वापरलाच जात नाही. आमची निम्मी खरखर इथेच गेली, एक रुपया न लागता.

मग घरातले एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जर एकेक करून बंद करत ऐका. आमच्याकडे स्वयंपाकघरातला एक स्वस्त बल्ब दोषी निघाला.

खरा फरक पडतो तो अँटेनाने. डेकमागे लोंबणारी वायर टिनाखाली असेल तर ती फार काही पकडू शकत नाही, कारण पत्रा लहरी अडवतो. अँटेना टिनाच्या वर गेलाच पाहिजे. बाजारात बूस्टर मिळतात, पण बूस्टर लहरीसोबत खरखरही वाढवतो. म्हणून आधी अँटेना.

माप असं काढा: १४३ ला स्टेशनच्या मेगाहर्ट्झने भागा. १००.६ साठी १.४२ मीटर येतं. त्याचे दोन भाग, प्रत्येकी ७१ सेंटिमीटर. तांब्याच्या जाड वायरचे तेवढे दोन तुकडे पीव्हीसी पाइपवर एका रेषेत बांधा, मधे दोन बोटांची फट ठेवा. डिशची आरजी-६ केबल घ्या. तिची मधली तार एका तुकड्याला, बाहेरची जाळी दुसऱ्याला. ही जाळी बहुतेक अॅल्युमिनियमची असते, तिला साधा डाग (सोल्डर) धरत नाही, म्हणून स्क्रूच्या कनेक्टर पट्टीत आवळा आणि वर एम-सील लावा, नाहीतर पहिल्याच पावसात केबलमध्ये पाणी शिरतं. जोडाजवळ केबलचे पाच-सहा वेढे गुंडाळून बांधा, त्याने केबल स्वतःच अँटेनासारखी गोंगाट ओढत नाही. डेकला ७५ ओहमचा सॉकेट असेल तर तिथे जोडा.

आता दिशा. असा अँटेना टोकांकडून नाही, आडव्या अंगाने ऐकतो. काटोलहून नागपूर पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे, म्हणून आमचे तुकडे जवळपास उत्तर-दक्षिण आहेत. तुमचं गाव कुठे आहे ते नकाशात बघून ठरवा. पाइप एका बांबूच्या टोकाला आडवा बांधा. एकाने बांबू फिरवायचा, दुसऱ्याने आत ऐकायचं, असं केलं की दहा मिनिटांत जागा सापडते. अँटेना उभा धरूनही एकदा ऐका. काही ठिकाणी तो जास्त पकडतो. बांबू टिनापासून दीड-दोन मीटर वर न्या. पंधरा मीटर केबलमध्ये फारसं काही हरवत नाही, त्यामुळे उंचीसाठी केबल वाढली तरी चालेल.

बांबू पडला तरी विजेच्या तारेला लागणार नाही, एवढं अंतर ठेवाच. मृगाच्या आधी आपल्याकडे वादळं येतात, तेव्हा केबल डेकमधून काढून खिडकीबाहेर टाकायची. आईला मी ते शिकवलं आहे. आभाळ काळं व्हायला लागलं की ती आधी केबल काढते, मग वाळवण आत घेते. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र केबलला हात लावायचा नाही.