गॅलरीत काय लावावं, मंडईतून काय आणावं

पुण्यातल्या फ्लॅटच्या गॅलरीत कांदे-बटाटे लावायच्या भानगडीत पडू नका. ते महात्मा फुले मंडईतून आणलेलेच परवडतात. कुंड्या ठेवा त्या रोज थोडंथोडं लागणाऱ्या आणि लगेच माना टाकणाऱ्या गोष्टींसाठी: कोथिंबीर, मेथी, कढीपत्ता, मिरची.

सुरुवात मेथीने करा. डब्यातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवून ट्रेमध्ये दाट पसरा, वर मातीचा पातळ थर द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब मातीची ढेकळं डोक्यावर घेऊन वर येतात, ते बघायला मला अजूनही आवडतं. तीन-चार आठवड्यांत भाजी तयार.

कोथिंबिरीला धीर हवा. धने लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा, मग पेरा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात. एप्रिल-मेच्या उन्हात ती चटकन फुलावर येते, म्हणून तेव्हा जुडी विकतच घ्या आणि घरची ऑक्टोबर ते फेब्रुवारी पिकवा. सगळे धने एकदम संपवू नका, दर दहा दिवसांनी एक ट्रे पेरा.

कुंडीच्या तळाला भोक आहे ना, तेवढं आधी पाहा. माझी भरात आलेली मिरची पावसाळ्यात पाणी साचूनच गेली.