भाजीची पट्टी लावताय? या चुका टाळा

भाजीत कीटकनाशकाचा अंश आहे का, हे जागेवर तपासायची कागदी पट्टी मिळते. आमच्या गटात पहिल्या दिवशी भेंडीच्या पट्टीवर दोन लाल रेघा उठल्या आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. कोविडच्या पट्टीनं डोळ्याला सवय लावलेली, दोन रेघा म्हणजे 'निघालं'. इथं नेमकं उलटं असतं. कीटकनाशकाचा रेणू इतका लहान, की दोन अँटीबॉडींना (ठरावीक रेणूला चिकटणाऱ्या प्रथिनांना) तो दोन बाजूंनी धरता येत नाही. म्हणून पट्टीत चढाओढ लावलेली असते. भाजीच्या अर्कात औषध, म्हणजे कीटकनाशक, असेल तर ते सोन्याच्या सूक्ष्म कणांवरच्या अँटीबॉडीच्या जागा आधीच अडवतं, मग टी-रेघेला (तपासणीच्या रेघेला) धरायला फारसं काही उरत नाही. रेघ फिकी किंवा गायब, म्हणजे औषध आहे. सी-रेघच (पट्टी नीट चालली हे दाखवणारी रेघ) आली नाही तर पट्टी फेका, तो निकालच नव्हे.

दुसरी चूक जास्त महागात पडते. अँटीबॉडी ओळखीच्या रेणूला, फार तर त्याच्या भावकीला धरते. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाच्या पट्टीला प्रोफेनोफॉस हे दुसरं कीटकनाशक दिसत नाही. आपल्याकडे धुऱ्याच्या (बांधाच्या) अलीकडे वांगी, पलीकडे पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि फवारणीचा पंप एकच. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा दोन-तीन औषधं एकत्र कालवायची सवयही चर्चेत आली होती. म्हणून भाजीवर काय मारलं एवढंच विचारू नका. कपाशीवर काय मारलं आणि मग पंप धुतला का, हेही विचारा. पट्टी त्यानंतर निवडा.

वरवर पुसून नमुना घेऊ नका. इमिडाक्लोप्रिड झाडाच्या आत भिनतं, त्यामुळे फळ चिरूनच अर्क काढा.

किटमधलं द्रावण संपलं म्हणून विहिरीचं पाणी घालणारेही पाहिलेत. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात तर हे अजिबात नको, क्षारांनी सोन्याचे कण गुठळतात आणि रेघांचा भरवसा उरत नाही.

मे महिन्यात 45 अंशांत किट मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवू नका. फ्रिजमधली पाकिटंही लगेच फोडू नका, ओल धरते. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. रेघ मात्र पत्रकातल्या मिनिटालाच वाचा, चहा घेऊन आल्यावर नाही.

नमुना एकाच झाडाचा नको. वावरात फिरून किलोभर तोडा, अर्धा फ्रीजरमध्ये ठेवा. पट्टीनं औषध दाखवलं तर तोच अर्धा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचा. अचूक आकडा तिथंच कळतो, आणि तोवर तो माल आठवडी बाजारात न्यायचा नाही.