बेस वाजला की अ‍ॅम्प का बंद पडतो?

गाडीत पहिल्यांदा अ‍ॅम्प (स्टीरिओचा आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) बसवला तेव्हा बेसचा दणका आला की तो गप्प व्हायचा आणि दोन सेकंदांनी पुन्हा सुरू. अ‍ॅम्पच खराब समजून मी दोन रविवार तो खोलण्यात घालवले. दोष निघाला अर्थच्या, म्हणजे अ‍ॅम्पपासून गाडीच्या पत्र्याला जाणाऱ्या काळ्या वायरीच्या लगखाली (टोकाच्या धातूच्या कडीखाली) राहिलेल्या रंगात. तेव्हापासून निम्मा वेळ मी त्या काळ्या वायरीलाच देतो.

आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. वायर किती जाड हवी? समजा 400 वॅट आरएमएसचा (सतत देता येणारी पॉवर) क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा अ‍ॅम्प आहे. 80 टक्के कार्यक्षमता धरली तर तो 500 वॅट ओढणार, भागिले 13.8 व्होल्ट, म्हणजे सुमारे 36 अँपिअर. डिकीपर्यंत न्यायला मी 4 गेजची तांब्याची वायर घेतो. घेण्याआधी एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत चंदेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, आणि तेवढ्याच जाडीत ते कमी करंट वाहतं.

फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत. तो अ‍ॅम्पसाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो, त्यामुळे वायरीला झेपेल त्याहून मोठा कधीच नको. वायर जाते त्या पत्र्याच्या भोकात रबरी ग्रॉमेट (कड झाकणारी रिंग) लावाच. आरसीए केबल (स्टीरिओचा सिग्नल अ‍ॅम्पकडे नेणारी) पॉवरच्या वायरीपासून लांब, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या.

अर्थची वायर अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको. पत्रा चकाकेपर्यंत घासा, लग बोल्टने आवळा, वरून गंज टाळायला पेट्रोलियम जेली. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही. नवं भोक पाडणार असाल तर खाली वाकून पेट्रोलची टाकी कुठे आहे ते आधी बघा.

स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पला जोडण्याआधी तपासा. 4 ओहमच्या स्पीकरला मीटर 3 ते 4 दाखवतो. प्रत्येक वायर आणि गाडीची बॉडी यांच्यात मात्र मीटरवर काहीच जोडणी दिसायला नको. मग स्पीकरच्या दोन वायरींना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो.

आता अर्थची परीक्षा. मीटरच्या ओहम मापावर विसंबू नका! वायरीची एकच तार टेकलेली असली तरी मीटर शून्याच्या जवळच दाखवतो, कारण तो करंट सोडतो अगदी नगण्य. माझं तेच झालं होतं. सगळं जोडून फ्यूज घाला, इंजिन चालू करा, गाणं मोठ्याने लावा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा अ‍ॅम्पच्या ग्राउंड टर्मिनलला लावा (वायर जोडून लांब करावी लागेल). 0.2 व्होल्टच्या आत असेल तर छान. जास्त असेल तर अ‍ॅम्प टर्मिनल ते बोल्टजवळचा उघडा पत्रा आणि तो पत्रा ते बॅटरी असं दोन तुकड्यांत मोजा. माझा सगळा घोटाळा पहिल्या तुकड्यात होता. दुसऱ्यात निघाला तर बॅटरीची मूळ बॉडी अर्थ बघा.

गेन (अ‍ॅम्प सिग्नल किती वाढवतो ते ठरवणारं बटण) सगळ्यात शेवटी. सबवूफर सोडवा, इक्वलायझर सपाट करा, स्टीरिओचा आवाज पाऊणवर ठेवा आणि 50 हर्ट्झचा टोन लावा. 4 ओहमवर 100 वॅट हवे असतील तर 100 गुणिले 4 चं वर्गमूळ, म्हणजे अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर 20 व्होल्ट एसी. तिथवरच गेन फिरवा.

सबवूफर जोडल्यावर अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर अ‍ॅम्प बंद करून आरसीए उपटा आणि पुन्हा चालू करा. शिट्टी गेली तर दोष स्टीरिओ किंवा केबलकडे, राहिली तर पुन्हा त्या काळ्या वायरीकडे.